बातोक दुखायची वाट पाहू नका : फिलिपिनो लोकांच्या हृदयतपासणीचा क्रम

फिलिपिन्समध्ये कुणी मानेमागे हात नेऊन चोळायला लागलं, की घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, ‘हाय ब्लड झालं वाटतं.’ मानेच्या या मागच्या भागाला टागालोग या तिथल्या भाषेत ‘बातोक’ म्हणतात. बातोक दुखलं म्हणजे बीपी वाढलं, हे समीकरण तिथे घट्ट बसलेलं आहे. त्याची उलट बाजू जास्त महागात पडते: बातोक दुखत नाही, म्हणजे बीपी ठीक आहे. वाढलेलं बीपी बहुतेकांना काहीच त्रास देत नाही. मान आखडते ती उशीने, बैठकीने किंवा ताणाने, आणि १६०/१०० बीपी असलेला माणूस कराओकेवर तीन गाणी म्हणून निवांत झोपतो.

फिलिपिन्सच्या मृत्यूनोंदींत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार पहिल्या क्रमांकावर आहे. साधारण पाच-सहा मृत्यूंमागे एक त्याचा. साठीच्या आत जाणारेही त्यात बरेच असतात. तपासण्या मिळत नाहीत, हे याचं एकच कारण नाही. कित्येकदा आकडा मोजला जातो, कागदावर लिहिला जातो आणि तिथेच राहतो. म्हणून पुढच्या क्रमात प्रत्येक मोजमापानंतर काय करायचं, यावर भर दिला आहे. जहाजावर फिलिपिनो क्रूसोबत राहणारे, आखातात त्यांच्यासोबत काम करणारे, दावाओला वैद्यकीय शिक्षण घेणारे आणि लग्नाने त्या घरांशी जोडले गेलेले मराठी लोक कमी नाहीत. त्यांना हा क्रम आपल्या माणसांसाठी वापरता येईल.

आधी टेप, मग यंत्र

सुरुवात दीडशे सेंटिमीटरच्या शिवणाच्या टेपने करा. उभं राहून शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप गुंडाळा, श्वास सोडा आणि मग वाचा. पॅन्टच्या पट्ट्यावर मोजू नका. पोट सुटलेल्या माणसाचा पट्टा पोटाखाली घसरलेला असतो, त्यामुळे आकडा पाच-सात सेंटिमीटरने कमी येतो. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही आशियाई लोकांसाठीची मर्यादा आहे.

वजनाचंही तसंच. युरोपीय मापाने बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ च्या खाली असला की माणूस ‘नॉर्मल’ ठरतो. फिलिपिनो शरीरात मात्र चरबी पोटाच्या आत, अवयवांभोवती साठते आणि बाहेरून माणूस सडपातळ दिसतो. अमेरिकेत स्थायिक फिलिपिनो स्त्रियांच्या अभ्यासात हे ठळकपणे दिसलं. २०१५ मध्ये अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने आशियाई वंशाच्या लोकांसाठी मधुमेह तपासणीची बीएमआय मर्यादा २५ वरून २३ वर आणली. आपल्याकडच्या लोकांनाही हाच २३ लागू होतो, म्हणजे या बाबतीत आपण आणि ते एकाच नावेत आहोत.

सोबत चार प्रश्न विचारून उत्तरं लिहून ठेवा. वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ च्या आत हृदयविकार झाला होता का? सिगारेट किती? बाईला गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली होती का? घरात कुणी तरुण माणूस झोपेत गेलं आहे का? शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल. त्याचं कारण पुढे येईल.

बीपी: एक आकडा म्हणजे निदान नव्हे

विशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी बीपी मोजावं. बरंगाय, म्हणजे तिथलं सर्वांत लहान प्रशासकीय एकक. त्याच्या आरोग्य केंद्रात हे फुकट होतं. गडबड होते ती मोजण्याच्या पद्धतीत.

माणूस उन्हातून चालत येतो, रांगेत बोलत उभा राहतो, खुर्चीवर बसताच दंडाला पट्टा बांधला जातो आणि मोजताना गप्पा चालू असतात. असा आकडा सहज १०-१५ ने फुगतो. बरोबर पद्धत अशी: आधीच्या अर्ध्या तासात कॉफी नाही, सिगारेट नाही. लघवी करून यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. दंड छातीच्या पातळीवर, टेबलावर टेकलेला. पट्टा उघड्या दंडावर आणि दंडाच्या मापाचा असावा. जाड दंडाला छोटा पट्टा लावला तर बीपी खोटं वाढलेलं दिसतं. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी काढा. पहिल्यांदा दोन्ही हातांचं मोजा आणि ज्या हाताचं जास्त येईल तो पुढे कायम धरा.

केंद्रात १४०/९० किंवा जास्त आलं, तर दुसऱ्या भेटीत किंवा घरी खात्री करून घ्या. घरी मोजायचं तर सात दिवस, सकाळी गोळीआधी दोन आणि रात्री दोन. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीची मर्यादा १३५/८५ आहे. मनगटाची यंत्रं स्वस्त पडतात, पण हात जरा खाली-वर झाला की आकडा बदलतो. दंडाचंच यंत्र घ्या.

वरचा आकडा १२०-१३९ च्या दरम्यान आलेल्यांना ‘अजून काही नाही’ म्हणून घरी पाठवू नये. तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा मोजावं. १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणं, धाप, बोलण्यात जडपणा किंवा अंधारी असेल, तर सरळ रुग्णालय गाठा. एवढा आकडा आहे पण त्रास काहीच नाही, अशा वेळी कुणाच्या तरी डब्यातली गोळी जिभेखाली ठेवून बीपी झटक्यात पाडू नका. एकदम पडलेल्या बीपीने मेंदूला रक्त कमी पडतं. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, तेवढं पुरे.

रक्ताच्या तपासण्या, आणि पैसे कसे वाचवायचे

फिलहेल्थ ही तिथली राष्ट्रीय आरोग्य विमा संस्था. २०१९ च्या सार्वत्रिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक फिलिपिनो नागरिक तिच्या छत्राखाली आला. तिची प्राथमिक उपचारांची योजना आधी ‘कोनसुल्ता’ नावाने ओळखली जायची. २०२५ पासून तिचं वाढवलेलं रूप ‘याकाप’ म्हणून चालतं. टागालोगमध्ये याकाप म्हणजे मिठी. सरकारी योजनेला इतकं लडिवाळ नाव फिलिपिन्सच देऊ जाणे. फिलहेल्थ क्रमांक घेऊन मान्यताप्राप्त दवाखाना निवडायचा, नोंदणी करायची आणि पहिली भेट घ्यायची. ही पहिली भेटच बहुतेक जण घेत नाहीत. नोंदणी होते, दवाखान्याचं तोंड कुणी पाहत नाही. वय आणि धोका पाहून तिथले डॉक्टर ज्या तपासण्या लिहून देतात, त्यांत उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), लघवी आणि ईसीजी यांचा समावेश आहे.

कुणी कधी करायच्या? धोका वाढवणारं काही नसेल तर साखर चाळिशीपासून. बीएमआय २३ च्या वर, घरात मधुमेह, बीपी किंवा गरोदरपणातली साखर यांपैकी काही असेल तर वयाची वाट न पाहता आत्ताच. लिपिडही त्याच सुईत करून घ्या. साखरेसाठी आठ तास उपाशी राहावं लागतं, पाणी चालतं. आदल्या रात्री फिएस्टाचं, म्हणजे गावजत्रेचं, जेवण आणि बिअर झाली असेल तर ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी उगाच चढलेली येईल, तेव्हा दोन-तीन दिवस थांबा.

रिपोर्ट वाचताना एकक पाहायला विसरू नका. तिथल्या अनेक प्रयोगशाळा मिलिमोलमध्ये आकडे देतात. साखर ७.० पाहून कुणी म्हणतं, ‘सातच तर आहे’. १८ ने गुणा: आपल्या ओळखीच्या मिलिग्रॅममध्ये १२६ होतात, आणि उपाशीपोटी १२६ म्हणजे मधुमेहाची रेषा. कोलेस्टेरॉलला ३८.७ ने गुणायचं, ५.२ म्हणजे सुमारे २००. एचबीए१सी ५.७ ते ६.४ मधुमेहपूर्व, ६.५ पासून मधुमेह.

ईसीजीबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकू. विश्रांतीतला ईसीजी नॉर्मल आला, याचा अर्थ रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत असा होत नाही. ७० टक्के अडथळा असलेल्या माणसाचाही तो स्वच्छ येऊ शकतो. चढ चढताना छाती आवळत असेल तर हातातला नॉर्मल ईसीजी बाजूला ठेवून ट्रेडमिल किंवा पुढची तपासणी मागा. त्रास नसलेल्या तिशीतल्या माणसाला महागड्या ‘एक्झिक्युटिव्ह’ पॅकेजमधला सीटी स्कॅन करायची मात्र गरज नसते. ते पैसे घरच्या बीपी यंत्रावर घाला.

सगळे आकडे एकत्र ठेवणं

बरंगायच्या पातळीवर ‘फिलपेन’ नावाची पद्धत वापरतात. ती जागतिक आरोग्य संघटनेच्या पॅकेजवर बेतलेली आहे. तिच्या गाभ्याशी एक रंगीत तक्ता आहे. संघटनेच्या २०१९ च्या तक्त्यात ४० ते ७४ वयाच्या माणसाचं वय, लिंग, सिगारेट, मधुमेह, वरचं बीपी आणि कोलेस्टेरॉल एका चौकटीत जुळवलं, की पुढच्या दहा वर्षांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याची टक्केवारी मिळते. हिरवा पाचच्या खाली, पिवळा दहापर्यंत, नारिंगी वीसपर्यंत, त्यापुढे लाल. रक्त तपासलेलं नसेल तर बीएमआयवर चालणारा दुसरा तक्ता आहे. फिलिपिन्ससाठी आग्नेय आशियाचा तक्ता घ्यायचा. पश्चिम युरोपचा नाही.

तक्ता कुठे फसतो, तेही माहीत हवं. चाळिशीच्या आत तो चालत नाही. घरातला इतिहास तो विचारत नाही. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १९० च्या वर असेल तर तक्ता उघडूच नका. तो बहुधा आनुवंशिक दोष असतो, उपचार लगेच हवा आणि भावंडं-मुलांचंही रक्त तपासायला हवं. मधुमेह नसलेल्यांसाठी फिलिपिन्सच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांचा नियम सुटसुटीत आहे: वय ४५ किंवा पुढे, एलडीएल १३० किंवा जास्त, आणि दोन किंवा अधिक धोके असतील, तर स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी. पुरुष असणं, पाळी थांबलेली असणं, सिगारेट, बीपी, जास्त वजन, घराणं हे सगळे धोक्यांत मोजले जातात. म्हणजे बीपी असलेला पंचेचाळिशीचा पुरुष दोन धोके आधीच घेऊन येतो.

‘मेंटेनन्स’ची गोळी

रोजच्या गोळ्यांना फिलिपिनो बोलीत ‘मेंटेनन्स’ म्हणतात. गाडी जुनी झाली की मेंटेनन्स निघतो, त्यातला भाव. गोळी सुरू झाली म्हणजे आपण म्हातारे झालो, असं चाळिशीतल्या माणसाला वाटतं आणि तो टाळतो. दुसरी भीती, ‘गोळ्यांनी किडनी जाते.’ खरं तर किडनी जाते ती न आवरलेल्या बीपीने आणि साखरेने. तिकडच्या डायलिसिसच्या रांगा त्यातूनच वाढल्या आहेत.

तिसरी अडचण पैशाची आहे आणि तिला ‘तिंगी’ असं नाव आहे: सुटं विकत घेणं. शाम्पूची पुडी, एक सिगारेट, तशाच अॅम्लोडिपिन या बीपीच्या औषधाच्या तीन गोळ्या. तीन दिवसांनी पैसे नसले की चौथ्या दिवशी नागा, आणि बातोक दुखलं की पुन्हा खरेदी. यावर वाटा आहेत. बरंगाय आरोग्य केंद्राच्या बीपी-मधुमेह क्लबात नाव घातलं की साठा असेल तेव्हा अॅम्लोडिपिन, लोसार्टान, मेटफॉर्मिन फुकट मिळतात. फिलहेल्थच्या ‘गामोत’ योजनेत वर्षाला २०,००० पेसोंपर्यंतची बाह्यरुग्ण औषधं मिळतात. २०१९ पासून बीपी, मधुमेह आणि कोलेस्टेरॉलच्या औषधांवरचा व्हॅट गेला आहे. साठी ओलांडलेल्यांना ज्येष्ठ नागरिक कार्डावर २० टक्के सूट आहे.

गोळी सुटते त्याची वैद्यकीय कारणंही ठरावीक असतात. अॅम्लोडिपिनने घोट्याला सूज येते. बीपीच्याच एनालाप्रिलने कोरडा खोकला लागतो, आणि आशियाई लोकांत तो जास्त दिसतो. हायड्रोक्लोरोथायझाइड या लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळीने युरिक अॅसिड वाढतं. फिलिपिनो लोकांत गाउट, म्हणजे युरिक अॅसिडने सांधे सुजण्याचा आजार, आधीच बोकाळलेला, त्यामुळे अंगठा सुजला की माणूस सगळीच औषधं फेकतो. अशा वेळी गोळी बदलून मागायची, बंद करायची नाही. गाउट असणाऱ्याला लोसार्टान बरं पडतं, कारण ते युरिक अॅसिड थोडं उतरवतं.

फुकट मिळणाऱ्या यादीतली एक जोडी सांभाळा: अॅम्लोडिपिनसोबत सिम्व्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमच्या वर नको, स्नायू दुखावतात. सिम्व्हास्टॅटिन रात्री घ्यायचं. ते चालू असताना दावाओचं प्रसिद्ध पपनस रोज फोडून खाऊ नका, त्यातले घटक औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढवू शकतात. रोसुव्हास्टॅटिन आशियाई माणसाला ५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. गोळी सुरू झाल्यावर बीपी दर चार आठवड्यांनी, आटोक्यात आलं की तीन-सहा महिन्यांनी मोजा. लिपिड सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा करा. आकडा उतरला म्हणजे गोळी लागू पडते आहे. ती थांबवायची खूण समजू नका.

ताट

सोडियमची मर्यादा दिवसाला २,००० मिलिग्रॅम, म्हणजे सगळं मिळून ५ ग्रॅम मीठ. आता फिलिपिनो टेबलाकडे पाहा. एक मोठा चमचा पातिस, म्हणजे माशाचा खारट रस, त्यात सुमारे १,४०० मिलिग्रॅम. एक मोठा चमचा सोया सॉसमध्ये सुमारे ९००. शिवाय तुयो हा सुका मासा, आंबवलेल्या जवळ्याचा बागोओंग, सिनिगांगच्या आंबट रश्शाची तयार पावडर, इन्स्टंट नूडल्स आणि परदेशातल्या नातेवाइकांनी खोक्यातून प्रेमाने पाठवलेलं डबाबंद मांस. स्वयंपाकात मीठ कमी केलं तरी हिशेब बिघडतो तो ‘सावसावान’मुळे, म्हणजे ताटाशेजारच्या बुडवायच्या वाटीमुळे. म्हणून पहिला बदल वाटीत करा: सोया आणि पातिसऐवजी नारळाचं व्हिनेगर, कालामान्सी लिंबू, लसूण, मिरची. आंबट-तिखट तोंडाला लागलं की खारटाची उणीव कमी भासते. सिनिगांगला पावडरऐवजी खरी चिंच घाला. नूडल्समधली मसाल्याची पुडी अर्धीच घाला. पोटॅशियमचं ‘लो सोडियम’ मीठ लोसार्टान किंवा एनालाप्रिल घेणाऱ्यांनी आणि किडनीच्या रुग्णांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय वापरू नये.

दुसरा बदल भाताचा. ‘अनली राइस’ म्हणजे हवा तेवढा भात देणारी हॉटेलं तिथे गल्लोगल्ली आहेत. ‘पिंगगांग पिनोय’ या सरकारी ताटाच्या आकृतीत अर्धं ताट भाजी-फळांचं असतं आणि उरलेल्या अर्ध्यात भात आणि मासे-मांस. भाज्या परक्या नाहीत: मालुंगाय म्हणजे शेवगा, आम्पालाया म्हणजे कारलं, मोंगो म्हणजे मूग, कांगकोंग म्हणजे नाळीची भाजी. मोंगोत वरून तळलेल्या डुकराच्या कातडीचा चुरा मात्र कमी टाका. नारळाचं तेल हृदयाला चांगलं, हा समज तिथेही आहे आणि कोकण-गोव्यातही. त्या तेलाने एलडीएल वाढतं. रस्सा आठवड्यातून एकदा नारळाच्या दुधातला, रोजचा नाही.

सप्टेंबर लागला की तिथे ख्रिसमसची गाणी सुरू होतात आणि लेचोनच्या, म्हणजे भाजलेल्या अख्ख्या डुकराच्या, पंगती जानेवारीपर्यंत उठत नाहीत. त्या दिवसांत जेवण थोडं सुटणारच. गोळी सुटू देऊ नका.

खलाशी आणि रात्रपाळीवाले

जहाजावर चढण्याआधीची वैद्यकीय तपासणी हे नोकरीचं दार असतं. म्हणून तपासणीआधी पंधरा दिवस भात बंद, दुसऱ्याच्या गोळ्या चालू, आणि प्रमाणपत्र हातात पडलं की सगळं पूर्ववत, असं होतं. मग समुद्रात, किनाऱ्यापासून तीन-चार दिवसांवर, झटका येतो. मराठी खलाशीही यातून सुटलेले नाहीत. त्यापेक्षा करार संपवून घरी आल्याच्या पहिल्या महिन्यात स्वतःहून तपासावं. पुढच्या तपासणीपर्यंत औषधाने आकडा बसवायला वेळ मिळतो, आणि आवरलेलं बीपी असणाऱ्याला बहुधा कामावर घेतात. करार जितक्या महिन्यांचा, त्याहून एक महिना जास्त पुरतील एवढ्या गोळ्या सोबत न्या.

मनिला-सेबूच्या कॉल सेंटरवाल्यांनी कंपनीची वार्षिक तपासणी रात्रपाळीनंतर लगेच देऊ नये. झोप न झालेलं बीपी चढतं.

झोपेतला मृत्यू

आता तो शेवटचा प्रश्न. धडधाकट तरुण पुरुष झोपेत कण्हतो आणि सकाळी उठत नाही, याला फिलिपिन्समध्ये ‘बांगुंगोत’ म्हणतात. लोक रात्रीच्या भरपेट जेवणाला किंवा भुताला दोष देतात. अशा अनेक मृत्यूंमागे ब्रुगाडा सिंड्रोम, म्हणजे हृदयाच्या विद्युतप्रवाहातला दोष, असल्याचं आता माहीत आहे. त्याचा कोलेस्टेरॉलशी संबंध नाही, म्हणून वरची कुठलीच रक्ततपासणी तो पकडत नाही. घरात असा मृत्यू झाला असेल किंवा माणूस विनाकारण बेशुद्ध पडला असेल, तर हृदयतज्ज्ञाकडून ईसीजी काढून घ्या आणि छातीवरचे पहिले दोन बिंदू नेहमीपेक्षा एक-दोन फासळ्या वर ठेवून पुन्हा काढायला सांगा. खूण कधी कधी तिथेच दिसते. तापात हा दोष उफाळतो, त्यामुळे अशा माणसाचा ताप लगेच उतरवा.

छाती आवळली तर

‘कबाग आहे’, म्हणजे गॅस, असं म्हणून छातीला तेल चोळण्यात पहिला तास जातो. आपल्याकडच्या ‘अॅसिडिटी झाली असेल’चंच ते भावंड. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम, धाप यांपैकी काही दहा मिनिटांत थांबलं नाही तर ९११ हा तिथला आपत्कालीन क्रमांक लावा किंवा रुग्णालयाकडे निघा. बायका आणि मधुमेही यांना नुसती धाप किंवा मळमळही पुरते. तिथे अॅस्पिरिनची गोळी ८० मिलिग्रॅमची मिळते. दोन ते चार गोळ्या चावून खायच्या. अॅलर्जी असेल, रक्तस्राव होत असेल, तोंड वाकडं झालं असेल किंवा अंगात ताप असून डेंग्यूची शंका असेल तर अॅस्पिरिन नाही.

सात हजारांवर बेटांच्या देशात सगळीकडे अँजिओप्लास्टी, म्हणजे बंद रक्तवाहिनी फुग्याने उघडण्याची सोय, नसते. ती होत असेल असं मोठं रुग्णालय दोन तासांत गाठता येत नसेल, तर जिथे ईसीजी आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे ते जवळचं रुग्णालय गाठा. कोणतं ते आजच विचारून ठेवा. फिलहेल्थने २०२४ च्या अखेरीस झटक्यातल्या अँजिओप्लास्टीचं संरक्षण ५ लाख २३ हजार पेसोंच्या वर नेलं आहे, तेव्हा खर्चाच्या धास्तीने घरी थांबू नका. आणि जुन्या ईसीजीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. नवीन पट्टी शेजारी धरून डॉक्टरला बदल आजचा की जुना, हे लगेच कळतं.